आमच्या घरात काठी नसते

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणते, पायाला भिंगरी बांधूनच आलीस तू. विद्यापीठाच्या संग्रहालयात नोकरी लागली तेव्हा ओळखीतले सगळे हसले होते. तिथं तर वर्षानुवर्षं काहीच जागचं हलत नाही, तू काय करशील तिथं? पण माझं काम वस्तूंचं नाही, माणसांचं आहे. वस्तू आत बसलेल्या असतात, त्यांच्यापर्यंत माणसं आणायची. नोकरी कंत्राटी आहे, कधी जाईल भरवसा नाही, तरी ती मला मनापासून आवडते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल, एवढा जीव जळत होता तर सोडायची होती.

विद्यापीठाच्या हिंगोलीतल्या आवारात एकाच इमारतीत दोन संग्रहालयं आहेत. खाली शेतीचं, वर लोकजीवनाचं. खाली तिफण, मोट, बैलांच्या घुंगुरमाळा. वर भांडी, दागिने, वाद्यं, मापं. पुढच्या महिन्यात इथं काय काय होणार त्याचं पोस्टर मी करते. मग ते शाळांना, बचत गटांना, ओळखीच्या प्रत्येक ग्रुपवर टाकते आणि छापील घेऊन गावोगाव हिंडते. कळमनुरीच्या बाजारात चिकटवते, नरसीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांवर लावते. टपरीवाला एकदा म्हणाला, ‘मॅडम, तुमचं पोस्टर लई कामाचं, पाठीमागून कोरं असतंय.’ त्यावर तो गिऱ्हाइकांचे हिशोब करायचा. मी चिडले नाही. निदान पुढची बाजू कुणीतरी बघत असेल की.

हे सगळं घडलं त्या महिन्याच्या पोस्टरवर मोडी वाचायला शिका, मातीचे बैल करा, जुन्या लुगड्यांची वाकळ शिवा, असं बरंच काही होतं. आणि दर रविवारी ‘वस्तू हातात घ्या’. हा आमच्या मॅडमचा लाडका उपक्रम. मॅडम म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुख. पुण्याकडून आलेल्या, बोलायला गोड, कामाला वाघ. त्यांचं म्हणणं असं की काचेतली वस्तू मेलेली असते. ती बाहेर काढायची, लोकांच्या हातात हातमोजे घालायचे आणि त्यांना ती धरू द्यायची. उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या रविवारी आम्ही धान्य मोजायची पायली काढली. एका म्हाताऱ्या बाईनं ती पोटाशी धरली आणि बराच वेळ सोडेचना. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू.

तर त्या मॅडम एक दिवस माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, ‘शेवटच्या रविवारी येसकराची काठी घेऊ या.’

येसकराची काठी आता कुणाला ठाऊक नसेल म्हणून सांगते. वेशीची राखण करायची, दवंडी द्यायची, साहेबाच्या घोड्यापुढं धावायचं, मेलेलं ढोर ओढायचं आणि संध्याकाळी दारोदार उभं राहून भाकरी मागायची, ही कामं गावानं ज्यांच्या माथी मारली होती त्यांच्या हातात ही काठी असायची. वरच्या टोकाला घुंगरं बांधलेली. ती जमिनीवर आपटली की आवाज व्हायचा आणि आवाज झाला की गावाला कळायचं, कोण आलंय. शिवू नका, बाजूला व्हा.

मॅडम पुढं म्हणाल्या, ‘ज्यांच्या घरात अशी काठी होती असं कुणी तुझ्या ओळखीत आहे का गं? त्यांनी येऊन धरून दाखवली, चार शब्द बोलले, तर कार्यक्रम जिवंत होईल.’

मी म्हणाले, ‘बघते मॅडम.’

बघते! काय बघते? तसली काठी माझ्या आजोबांच्या हातात होती. मॅडमना हे माहीत होतं की नव्हतं, मला आजही नक्की सांगता येणार नाही. त्यांचा चेहरा सरळ होता. वाईट हेतू असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मी पोस्टरवर तो कार्यक्रम टाकला, अक्षरं थोडी लहान केली, पुन्हा मोठी केली आणि उठून उगीचच खाली जाऊन तिफणीवरची धूळ पुसली.

त्याच दिवसांत घरी दुसरीच एक काठी डोक्याला बसली होती.

माझे बाबा दवाखान्याची सरकारी जीप चालवायचे. सगळा जन्म क्लच दाबण्यात गेला, त्यामुळं डावा गुडघा कामातून गेलेला. रिटायर झाल्यावर आई आणि बाबा हट्ट्याकडचं गाव सोडून माझ्याकडं हिंगोलीत राहायला आले. पावसाळ्याच्या तोंडी बाबा कळमनुरीला एका लग्नाला गेले आणि स्टँडवर सपाट जमिनीवर पडले. डोक्याला खोक पडली, मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, ‘ह्या वेळी मनगटावर भागलं. पुढच्या वेळी खुबा जाईल आणि मग अंथरूण सुटायचं नाही. काठी घ्या.’

बाबा डॉक्टरांना ‘व्हय’ म्हणाले आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, ‘आपल्या घरात काठी नसते.’

हे खरं होतं. आमच्या घरात काठी नसते. आजोबांनी ती येसकरकीची काठी एक दिवस गुडघ्यावर मोडली, चुलीत घातली, तिच्यावर चहा उकळला आणि वस्तीला पाजला. घुंगरं ओढ्यात फेकली. वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तरी गाव ते काम सोडू देत नव्हतं, ते आजोबांनी त्या दिवशी सोडलं. तेव्हापासून घरात काठी आली नाही. हा नियम कुणी कुठं लिहिला नव्हता, पण आम्ही सगळे तो पाळत मोठे झालो. वाळवणावरची कुत्री आई हातानं हाकलते. कपड्यांना तार आहे, बांबू नाही. जयंतीला आमच्या गच्चीवरचा झेंडासुद्धा लोखंडी पाइपाला लागतो. बाबा छत्री वापरतात, पण मिटली की काखेत मारतात, कधी टेकत नाहीत. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

मग बाबांनी काठीवर तोड काढली सायकलची. सायकल चालवत नव्हते, नुसती ढकलायची. हँडलवर भार टाकून विहारात जायचे, भाजी आणायला जायचे. रस्त्यानं बघणाऱ्याला वाटावं, ह्या माणसाची सायकल कायमची पंक्चर असते. घरात भिंत धरायचे. पलंगापासून मोरीपर्यंत भिंतीवर त्यांच्या हाताचा काळपट पट्टा उमटला होता. मोरीच्या दाराशी भिंत संपते, तिथं ते क्षणभर थांबायचे आणि मग पुढचं पाऊल टाकायचे. स्वयंपाकघरात असले तरी माझा कान मोरीकडं. ऑफिसात असले तरी फोन वाजला की पहिलं मनात यायचं, पडले.

मी मेडिकलमधून एक घडीची काठी आणली. चार नळ्या, आतून रबरी दोरी, झटका दिला की सरळ होते. मला ती फार हुशारीची वाटली. काठी म्हणावी तर काठी नाही, पिशवीत मावते. बाबांसमोर उभी राहून मी ती ऐटीत झटकली. खळखळ असा आवाज झाला आणि बाबा दचकले. खरंच दचकले, हातातला चहा सांडला.

‘ठेव ते तिकडं,’ म्हणाले.

‘अहो बाबा, ही लाकडाची पण नाही!’

‘ठेव म्हणलं न.’

मी ती कपाटाच्या बाजूला ठेवली. नंतर बघते तर जागेवर नाही. शेजारच्या म्हाताऱ्या मावशी तिला टेकत माझ्या समोरून गेल्या आणि वर मलाच म्हणाल्या, ‘तुज्या बाबानं देली माय. लई गुणाची हाय बघ. कुठं भेटली?’ मी दात आवळून म्हणाले, ‘वापरा मावशी.’ घरात आले आणि तोंडाचा पट्टा सोडला. ‘आजोबांनी जाळली ती गावाची काठी होती, ही मेडिकलची आहे! तुम्ही अंथरुणाला खिळलात तर उचलायचं कुणी? आईनं?’ आई कणीक मळता मळता म्हणाली, ‘मला मधात घेऊ नका. बाप तसा, लेक तशी.’ बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, ‘तकलीफ मला हाय न? मंग तू काहून वरडून राहिली?’

असा हा माणूस. आणि त्याच माणसाच्या बापाच्या हातात होती तसली काठी धरून दाखवायला मी कुणीतरी ‘बघत’ होते.

मी घरी काही बोलले नाही. ते पोस्टर घरात येऊ नये म्हणून माझी बॅगसुद्धा ऑफिसात ठेवायला लागले. पण हल्ली काय लपतं? विहाराच्या ग्रुपवर कुणीतरी पोस्टर टाकलंच. एके दिवशी सकाळी मी डबा भरत होते, तर बाबा भिंत धरत धरत स्वयंपाकघराच्या दारात आले. हातात फोन.

‘हे तुमचंच हाय न?’

मी बघितलं आणि पोळ्या मोजल्यासारखं करायला लागले.

‘काहून सांगितलं न्हाई?’

‘त्यात काय सांगायचं? दर रविवारी असतं काही ना काही.’

‘मी येतो,’ बाबा म्हणाले.

बस्स. एवढंच. नाराजी नाही, राग नाही. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मी तरले असते. त्यांचा शांतपणा काय करतो ते मला माहीत आहे. जीप चालवायचे तेव्हा एकदा दौऱ्यावर कुठल्याशा गावात मोठ्या घरी चहा आला. साहेबांना कपबशीत आणि बाबांना वळचणीला ठेवलेल्या वेगळ्या गिलासात. बाबा काही बोलले नाहीत. चहा अंगणात ओतला, जीप सुरू केली आणि रिकामी जीप घेऊन निघून आले. साहेब लोक फाट्यापर्यंत चालत गेले. पुढं नोटीस आली, पगार कापला, पण बाबा आजही ती गोष्ट सांगताना साहेबांची चाल करून दाखवतात.

आता हा माणूस माझ्या संग्रहालयात येणार होता, त्या काठीसमोर, लोकांसमोर. काय करतील? काच फोडतील? काठी मोडतील? मोडू देत, असंही एक मन म्हणायचं. दुसरं म्हणायचं, तुझी नोकरी जाईल. आणि तिसरं, सगळ्यात वाईट, म्हणायचं, त्यांच्या हातात कुणीतरी ती काठी देईल आणि ते सभ्यपणे धरतील. कुणाचा कार्यक्रम बिघडू नये म्हणून. वय झालं की माणूस असं करतो. ते चित्र डोळ्यांसमोर आलं की मला जागेवर बसवायचं नाही. मी टेबल आवरायचे, पुन्हा पसरायचे. खाली जायचे, वर यायचे. जिन्यात रखवालदार म्हणाला, ‘ताई, काही हरवलं का?’

शेवटी मी मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, ‘मॅडम, ती वस्तू हातात द्यायची नाही.’

‘का गं?’

शांतपणे सांगायला हवं होतं. तो गुण माझ्यात नाही. ‘पायली हातात घेतली की माणसाला घर आठवतं. ही घेतली की काय आठवायचं? आणि ज्यांच्याकडं आठवायला काही नाही ते फोटो काढतील. घुंगरं वाजवून बघतील. हसतील. हातमोजे घालून हसतील!’

मॅडमनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, ‘मग काय करायचं? परत पेटीत घालायची? असं काही नव्हतंच म्हणायचं?’

‘तसं नाही.’

‘मग कसं, ते सांग मला. मी ऐकते.’

मला सांगता येईना. हीच तर माझी पंचाईत होती. ती वस्तू बघितली जावी असं मला वाटत होतं. नसती बघितली तर माझ्या वर्गातल्या पोरींनी कॉलेजात मला विचारलं होतं तसं पुढचे लोकही विचारतील, ‘एवढं काय होतं गं तेव्हा?’ आणि बघितली जाऊ नये असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी, सारख्याच जोरानं. मी ‘विचार करून सांगते’ म्हणून बाहेर आले. विचार काही झाला नाही.

रविवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी संग्रहालयात गेले. वरच्या मजल्यावर काठीची काचेची पेटी आहे. ती उघडून, काठी बाहेर काढून, टेबलावर पांढऱ्या कपड्यावर मांडून ठेवायची हे माझं काम. मी पेटीसमोर उभी राहिले. साधीच काठी. चार बोटं घुंगरं, काही गळालेली. धरायच्या जागी लाकूड गुळगुळीत झालेलं. कुणाचं तरी आयुष्य तिथं घासलं गेलं होतं. मी कुलूप ओढून बघितलं, नीट लागलेलं होतं. किल्ल्यांचा जुडगा पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. पुढं काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

लोक यायला लागले. कॉलेजच्या मुली, एक निवृत्त गुरुजी, बचत गटाच्या बाया, मोडीच्या वर्गाला येणारे नेहमीचे. मॅडम म्हणाल्या, ‘अगं, काठी बाहेर नाही काढलीस? किल्ली दे.’

‘घरी राहिली मॅडम.’

बोलताना मी पर्स खांद्यावर सरकवली आणि आतला जुडगा वाजला. मॅडमनी पर्सकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

‘बरं,’ म्हणाल्या.

तेवढ्यात खालून सायकलची घंटी ऐकू आली. मी धावत गॅलरीत गेले. बाबा फाटकातून आत येत होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कडक इस्त्री, जयंतीला घालतात ते. सायकल ढकलत इमारतीच्या पायऱ्यांपाशी आले आणि थांबले. पायऱ्यांना कठडा नाही. सायकल पायरी चढत नाही. हे मला इतके दिवस कसं सुचलं नाही? काठीच्या नादात मी पायऱ्याच विसरले होते.

मी खाली पोहोचेपर्यंत त्यांनी सायकल भिंतीला लावली होती आणि एक पायरी चढलेही होते. दुसऱ्या पायरीवर गुडघा मुडपला. मी अजून चार हातांवर होते. त्यांनी हवेत काहीतरी धरायला हात टाकला, पण धरायला काहीच नव्हतं. रखवालदारानं पुढं होऊन काखेत हात घातला म्हणून निभावलं. ‘काय बाबा!’ एवढंच मी ओरडले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण म्हणाले काय तर, ‘घोटलेल्या पायऱ्या हायत. घसरतात.’ एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं रखवालदार, असे आम्ही वर आलो.

‘मॅडम, हे माझे बाबा,’ मी म्हणाले. जरा थांबून पुढं म्हणाले, ‘आमच्या आजोबांकडं होती. येसकरकी.’

मॅडमनी हात जोडले. मग लोकांकडं वळून म्हणाल्या, ‘आज वस्तू हातात घ्यायची नाही. आज नुसती बघायची.’ कुणीतरी ‘अरेरे’ म्हणालं. मला त्या ‘अरेरे’चा असा राग आला!

बाबा पेटीपाशी गेले. दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि वाकून बघायला लागले. दवाखान्यात एक्स-रे बघतात तसे. सगळे त्यांच्या मागं उभे. मी त्यांच्या हातांवर नजर ठेवून. कॉलेजची एक मुलगी, धीट होती, पुढं आली आणि म्हणाली, ‘आजोबा, ही वाजायची कशी?’

बाबा वळले. ‘मी कधी वाजवली न्हाई. हातात पण घेतली न्हाई. मी निस्ता आवाज ऐकलाय.’

‘कसा होता?’

बाबांनी जरा विचार केला. ‘चांगला होता,’ म्हणाले. मी चमकले. ‘संध्याकाळी यायचा. मी लेकरू होतो, दारात खेळून राहायलो की लांबून यायचा. मला वाटायचं, बाप आला, भाकर आली. मी पळत जायचो. मला लई खुशी व्हायची त्या आवाजाची.’

त्या मुलीनं फोन वर उचलला.

‘मंग शाळेत गेलो. मी वर्गात आलो की पोरं तोंडानं तो आवाज काढायची. छन्, छन्. आन् बाजूला सरायची. तवा मला समजलं, गावाला तो आवाज कसा ऐकू येतो ते. त्या दिवशी संध्याकाळी बाप आला, आवाज आला, मी पळत गेलो न्हाई. घरात जाऊन बसलो. बापानं इचारलं, काय झालं रे? मी म्हणलं, तू वाजत नको येऊ.’

बाबांनी पेटीवर बोट ठेवलं, काचेवर, घुंगरं होती तिथं.

‘मंग लवकरच एक दिवस मोडली त्यानं. लोक म्हणतात दीक्षा घेतली म्हणून मोडली. ते बी बराबरच हाय.’

मी हे कधी ऐकलं नव्हतं. चहा उकळल्याची गोष्ट मी शंभरदा ऐकली होती, हे एकदाही नाही. मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं, म्हणून मी पर्सची चेन उघडझाप करत राहिले. बचत गटाच्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. त्या धीट मुलीनं फोन वर उचललेला होता, तो तिनं खाली घेतला.

बाबा माझ्याकडं बघून म्हणाले, ‘कुलूप हाय का हिला?’

‘आहे.’

‘चावी कोणाकडं?’

सगळ्यांसमोर, मॅडमसमोर, मला दुसरं काही बोलताच येईना. ‘माझ्याकडं,’ मी म्हणाले.

बाबा माझ्याकडं बघत राहिले. मग हसले. दात दिसेपर्यंत हसले. ‘तुज्याकडं व्हय? बराबर. मंग ठीक हाय.’ मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. किल्लीबद्दल त्यांनी मला त्या दिवशी काही विचारलं नाही आणि पुढंही नाही.

लोकांनी बाबांना घेरलं, चहा झाला. उतरताना पुन्हा तीच कसरत, एक बाजूला मी, एक बाजूला रखवालदार. शेवटच्या पायरीवर बाबा थांबले. समोर सायकल होती, हातभर अंतरावर. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग वळून वरच्या मजल्याच्या खिडकीकडं बघितलं.

‘ते मेडिकल उघडं असतंय का रविवारी?’

मी आवाज साधा ठेवला. ‘असतं. दुपारपर्यंत.’

‘चाल मंग.’

मेडिकल आवाराच्या फाटकासमोरच आहे. दुकानदारानं दोन-तीन काठ्या काढल्या. आधी घडीची काढली, झटकली, खळखळ आवाज झाला. ह्या वेळी मी बाबांच्या तोंडाकडं बघत होते, म्हणून मला दिसलं, तो आवाज त्यांना कुठं लागतो ते. ‘ही नको,’ मी बाबांच्या आधीच म्हणाले. दुकानदारानं लाकडाची, पितळी मुठीची पुढं केली, ‘काका, ही भारी आहे, रुबाब येतो.’ बाबांनी ती फरशीवर टेकवली. टक्क वाजली. परत दिली. मग एक साधी काळी काठी होती, खाली जाड रबराचं बूड असलेली. ती बाबांनी हातात धरली. आयुष्यात पहिल्यांदा. फरशीवर टेकवली आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. पुन्हा टेकवली, जरा जोरात. पुन्हा ऐकलं.

‘हीच द्या,’ म्हणाले.

रस्त्यावर आल्यावर मी त्यांचा दंड धरायला गेले, तर त्यांनी कोपरानं मला बाजूला केलं. ‘सायकल तू आण.’ मी सायकल ढकलत मागून चालायला लागले. ते पुढं. एक पाऊल, काठी, एक पाऊल, काठी. पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर घाम आला होता. चौकाशी पोहोचल्यावर ते थांबले, पण मागं वळले नाहीत.

‘येतो का गं आवाज?’

‘नाही बाबा.’

‘नीट ऐक बरं. लोकायला येत असंल.’

मी सायकल थांबवली. ते चार पावलं पुढं चालले, मुद्दाम जोरजोरात काठी टेकवत.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘काहीच येत नाही.’